पाणी पाहायचे, हात लावायचा नाही

गरम पाण्याचा झरा म्हटले की मराठी माणसाचा हात आपोआप पाण्याकडे जातो. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे, पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातले उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, खानदेशातले उनपदेव, नांदेड जिल्ह्यातले उनकेश्वर. यांतल्या बहुतेक गावांच्या नावांतच ‘ऊन पाणी’ आहे. तिथे गेल्यावर आधी बोटे बुडवून अंदाज घ्यायचा, मग पाय सोडून बसायचे आणि सोसवले तर आत उतरायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. गरम झरा म्हणजे अंगाला लावायचे पाणी, हे आपल्या मनात पक्के बसले आहे.

हीच सवय घेऊन दर उन्हाळ्यात कितीतरी मराठी कुटुंबे अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जातात. मुलगा-सून किंवा मुलगी-जावई तिकडे नोकरीला असतात, आई-वडील काही महिन्यांच्या मुक्कामाला गेलेले असतात, नातवंडांच्या शाळेला सुटी असते. मग आजी-आजोबांपासून चार वर्षांच्या नातीपर्यंत सगळे एका गाडीत बसून निघतात. सहल सुंदर होते यात शंका नाही. मात्र तिथले पाणी आपल्या कुंडांसारखे नाही. आंघोळीच्या कढत पाण्यात आपण विसण घालतो. यलोस्टोनच्या पाण्याला विसण नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या म्हणण्यानुसार या उद्यानात इतर कोणत्याही नैसर्गिक गोष्टीपेक्षा गरम झऱ्यांनी जास्त माणसे जखमी केली आहेत आणि मारलीही आहेत. आतापर्यंत २० हून अधिक जणांचा भाजून मृत्यू झाला आहे. म्हणून एका दिवसाच्या सहलीत काय पाहावे, याबरोबरच काय टाळावे, हेही आधी समजून घेतलेले बरे.

जमिनीखालचा प्रेशर कुकर

यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या सहीने ते अस्तित्वात आले. सुमारे ९,००० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश मुख्यतः वायोमिंग राज्यात असून त्याच्या कडा मोंटाना आणि आयडाहो राज्यांत जातात. इथे गरम झरे, गीझर, चिखलाची कुंडे आणि वाफेची विवरे मिळून १०,००० हून अधिक उष्णस्थाने आहेत. जगातल्या एकूण गीझरांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या या उद्यानात आहेत.

या सगळ्यामागे आहे एक प्रचंड ज्वालामुखी. त्याचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ६ लाख ३० हजार वर्षांपूर्वी झाला. त्यातून वरची जमीन खचून विशाल खळगा तयार झाला. आज त्या भागात काही किलोमीटर खोलीवर अर्धवट वितळलेल्या खडकाचा साठा आहे. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी भेगांमधून खोल मुरते, तापते आणि परत वर येऊ लागते. वाट मोकळी असेल तर ते शांतपणे झऱ्याच्या रूपात बाहेर पडते. पाणी कमी आणि आम्लधर्मी असेल तर खडक विरघळून चिखल रटरटत राहतो. पाणी इतके कमी असेल की वर येईपर्यंत त्याची वाफच होते, तर जमिनीतून नुसते फुत्कार ऐकू येतात.

आणि वर येणारी वाट मध्येच अरुंद असेल तर गीझर तयार होतो. तो समजायला स्वयंपाकघरातला कुकर आठवावा. कुकरमध्ये दाब वाढतो, त्यामुळे पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास पोहोचते. गीझरच्या नळीतही तेच होते. तळाच्या पाण्यावर वरच्या पाण्याच्या स्तंभाचे वजन असते. त्या दाबाखाली ते उकळबिंदूच्या वर जाऊनही पाणीच राहते. अखेर काही बुडबुडे अरुंद वाटेतून वर सरकतात, वरचे थोडे पाणी बाहेर सांडते, दाब एकदम कमी होतो आणि खालच्या अतितप्त पाण्याची क्षणात वाफ होते. ती वरचे सगळे पाणी आकाशात फेकते. दाब असताना कुकरचे झाकण उघडले तर जे होईल, तेच इथे निसर्ग पुन्हा पुन्हा करून दाखवतो.

‘गीझर’ हा शब्दही गमतीचा आहे. आपल्या न्हाणीघरात भिंतीवर टांगलेल्या पेटीला आपण हेच नाव देतो. मूळ शब्द आइसलँडमधला. तिथल्या ‘गेसिर’ नावाच्या उसळत्या झऱ्यावरून तो जगभर गेला आणि इंग्रजांमार्फत पाणी तापवणाऱ्या यंत्राला चिकटला.

सकाळ: ओल्ड फेथफुल

पश्चिम प्रवेशद्वारापासून ओल्ड फेथफुल साधारण ५० किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर पोहोचलेले चांगले, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारपर्यंत गाडी लावायला जागा उरत नाही. या गीझरला ‘जुना विश्वासू’ हे नाव १८७० मध्ये आलेल्या एका शोधमोहिमेने दिले. आजकाल तो साधारण दर दीड तासाने उसळतो. उद्रेक दीड ते ५ मिनिटे चालतो, पाणी ३२ ते ५६ मीटर उंच जाते आणि एका वेळी १४,००० ते ३२,००० लिटर पाणी बाहेर पडते. सर्वांत उंच फवारा सतरा-अठरा मजली इमारतीएवढा भरतो.

पुढचा उद्रेक कधी होणार, याची वेळ जवळच्या अभ्यागत केंद्रात लिहिलेली असते. ती काढण्याची पद्धत शाळकरी मुलांनाही समजेल अशी आहे. आधीचा उद्रेक लहान असेल, म्हणजे अडीच मिनिटांपेक्षा कमी, तर नळी पूर्ण रिकामी झालेली नसते आणि पुढचा लवकर येतो. मोठा असेल तर पुन्हा पाणी भरून तापायला वेळ लागतो. नातवंडांच्या हाती घड्याळ देऊन उद्रेकाची मिनिटे मोजायला लावावीत. वाट पाहण्याचा कंटाळा निम्मा होतो.

एक गोष्ट मात्र आजी-आजोबांच्या लक्षात असू द्यावी. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच कळसूबाई शिखरापेक्षाही जवळजवळ ६०० मीटर उंच. हवा विरळ आणि कोरडी असते, ऊन तीव्र असते. पहिल्या दिवशी थोडे चालल्यावर दम लागणे, डोके जड होणे, तोंडाला कोरड पडणे हे अनेकांना जाणवते. पाणी थोडे थोडे प्यावे, चाल संथ ठेवावी, टोपी घालावी. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे आणि नेहमीची औषधे गाडीत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत.

उंचीचा आणखी एक परिणाम होतो. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते, तर इथे सुमारे ९३ अंशांनाच. हे ऐकून काहींना वाटते की पाणी ‘जरा कमी’ गरम असेल. आपल्या त्वचेला मात्र हा फरक कळायलाही वेळ मिळत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

दुपार: ग्रँड प्रिझ्मॅटिक

ओल्ड फेथफुलपासून साधारण १० किलोमीटरवर मिडवे गीझर बेसिन आहे. सकाळच्या गारठ्यात इथे वाफेचा पडदा इतका दाट असतो की रंग दिसतच नाहीत. म्हणून ऊन वर आल्यावर, दुपारीच इथे यावे. ग्रँड प्रिझ्मॅटिक हा अमेरिकेतला सर्वांत मोठा गरम झरा. व्यास १०० मीटरहून अधिक, खोली ३७ मीटर. मध्यभागी गडद निळा, त्याभोवती हिरवा, मग पिवळा, नारिंगी आणि कडेला तपकिरी-लाल असे त्याचे रंग असतात.

हे रंग खडकातल्या खनिजांचे असावेत असे वाटते, पण बहुतांश रंग सजीवांचे आहेत. मधले पाणी स्वच्छ, खोल आणि इतके गरम असते की तिथे रंगीत जीव तगत नाहीत. पाण्याचा स्वतःचा निळा रंग तेवढा दिसतो. सुमारे ७३ अंशांच्या वर प्रकाशसंश्लेषण चालत नाही. पाणी कडेकडे पसरत थंड होत जाते, तसे वेगवेगळ्या तापमानाला जगणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंचे पट्टे तयार होतात. त्यांच्यात गाजरात असते त्या जातीची पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये असतात. थोडक्यात, पाण्याच्या रंगावरून त्याच्या तापमानाचा अंदाज येतो. मुलांना हे सांगितले की ती स्वतःच दुसऱ्या झऱ्यांजवळ रंग पाहून तापमान ओळखायचा खेळ सुरू करतात.

या रंगांना माणसाचा हात सोसत नाही, याचे उदाहरण ओल्ड फेथफुलच्या परिसरातच आहे. मॉर्निंग ग्लोरी नावाचा झरा एके काळी त्या फुलासारखा निळा होता. लोकांनी श्रद्धेने, गमतीने त्यात नाणी टाकली, कचरा टाकला. त्यामुळे तळाची वाट काही अंशी बुजली, गरम पाण्याचा पुरवठा कमी झाला, तापमान उतरले आणि पिवळ्या-नारिंगी जीवाणूंनी कडेकडून आत सरकत निळा भाग आक्रसून टाकला. नदी दिसली की खिशातले नाणे काढणाऱ्या आपल्या मंडळींना हे मुद्दाम सांगायला हवे.

हात लावला तर काय होते

त्वचा किती भाजेल, हे दोन गोष्टींवर ठरते: तापमान आणि वेळ. ४४ अंशांच्या पाण्याने त्वचेला कायमची इजा व्हायला काही तास लागतात. म्हणूनच चाळिशीतल्या तापमानाच्या कुंडात दहा मिनिटे बसलेल्याला काही होत नाही. ६० अंशांच्या पाण्यात मोठ्या माणसाची त्वचा साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजते. ७० अंशांना एक सेकंद पुरतो. ९० अंशांच्या पाण्याबद्दल बोलायलाच नको. चटका जाणवून पाय मागे घेईपर्यंत इजा झालेली असते. शिवाय बूट, मोजे आणि पँट गरम पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पाय बाहेर काढल्यानंतरही भाजणे चालूच राहते.

मुलांची त्वचा पातळ असते, त्यामुळे तीच इजा त्यांना कमी वेळात होते. वजनाच्या तुलनेत त्यांच्या शरीराचा पृष्ठभागही मोठा असतो. भाजलेल्या त्वचेतून शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने पाझरतात, रक्तदाब कोसळतो. मोठ्या माणसाच्या एका पायाचा पृष्ठभाग शरीराच्या सुमारे १८ टक्के असतो. म्हणजे कमरेपर्यंत बुडालेला माणूस एका क्षणात ३६ टक्के भाजतो. मुलांमध्ये १० टक्क्यांहून अधिक भाजणेही गंभीर समजून शिरेतून द्रव द्यावे लागतात.

यलोस्टोनमधल्या दुर्घटना पाहिल्या तर त्यांची कारणे पुन्हा पुन्हा तीच दिसतात. १९८१ मध्ये एका तरुणाने मित्राचा कुत्रा झऱ्यात पडलेला पाहून त्याच्यामागे उडी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. जून २०१६ मध्ये एक २३ वर्षांचा तरुण बहिणीबरोबर नॉरिस भागात पायवाट सोडून आत गेला. डुंबण्याजोगी जागा शोधताना तो पाण्याचे तापमान पाहण्यासाठी वाकला आणि घसरून पडला. पाणी इतके उष्ण आणि आम्लधर्मी होते की त्याचा मृतदेहही मिळू शकला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मिडवे बेसिनजवळ तीन वर्षांचे एक मूल वाटेवरून पळत सुटले आणि एका लहानशा झऱ्यात पडले. पाठ आणि कमरेखालचा भाग भाजलेल्या अवस्थेत त्याला विमानाने शेजारच्या राज्यातल्या रुग्णालयात न्यावे लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कुत्र्याला वाचवायला धावलेली २० वर्षांची मुलगी खांद्यांपासून पायांपर्यंत भाजली. तिला वडिलांनी बाहेर ओढले.

यांतले कोणीही आत्महत्या करायला गेलेले नव्हते. एकाने बोटांनी पाणी जोखायचे ठरवले, कुणी प्रेमापोटी धावले, एक मूल मुलासारखे पळाले. म्हणजे आपल्यापैकी कोणीही जे करील, तेच त्यांनी केले.

वरून जमीन, खालून पाणी

पायवाट सोडणे धोक्याचे का, हेही समजून घ्यावे. झऱ्याच्या पाण्यात विरघळलेली सिलिका थंड होताना कडेला साचते आणि तिचा पांढरट, खडबडीत थर बनतो. तो पाण्यावर पुढे पुढे वाढत जातो. वरून पक्की जमीन दिसते, पण काही ठिकाणी तो थर पापडासारखा पातळ असतो आणि त्याच्याखाली उकळते पाणी असते. वर उगवलेले गवत किंवा हरणाच्या पावलांच्या खुणा म्हणजे जमीन भक्कम असल्याची खात्री नव्हे. म्हणून या भागात लाकडी फळ्यांच्या पायवाटा बांधल्या आहेत. त्यांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. पहाटे दव किंवा बर्फ पडून त्या निसरड्या होतात आणि वाऱ्याबरोबर वाफ अंगावर आली की वाटेची कड दिसेनाशी होते. अशा वेळी पुढे जाण्याऐवजी जागीच उभे राहून वाफ सरण्याची वाट पाहावी.

जमिनीचे वागणेही कायम सारखे नसते. २३ जुलै २०२४ रोजी सकाळी बिस्किट बेसिन भागात जमिनीखालच्या पाण्याची अचानक वाफ होऊन स्फोट झाला. दगड, चिखल आणि पाणी उंच उडाले, पर्यटक पळाले, लाकडी पायवाट मोडली. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. तो भाग बंद करण्यात आला. एखाद्या वाटेवर ‘बंद’ची पाटी असेल तर ‘इतक्या लांबून आलोय, जरा डोकावून येऊ’ हा विचार मनात आणू नये.

संध्याकाळ: नॉरिस

परतीच्या वाटेवर वेळ असेल तर नॉरिस गीझर बेसिन पाहता येते. उद्यानातला हा सर्वांत तप्त भाग. इथे संशोधनासाठी घेतलेल्या एका विंधन विवरात ३३२ मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सियस तापमान मोजले गेले. जगातला सर्वांत उंच उसळणारा सक्रिय गीझर, स्टीमबोट, इथेच आहे. त्याचे पाणी ९० मीटरहून उंच जाते, पण त्याला वेळापत्रक नाही. दोन उद्रेकांमध्ये काही दिवसही जातात आणि काही वर्षेही.

गाडीतून उतरताच सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. मोकळ्या हवेत, वाटेवर चालताना निरोगी माणसाला त्याचा त्रास सहसा होत नाही. पण दमा किंवा श्वासनलिकांचा जुना आजार असलेल्यांना खोकला किंवा घुसमट होऊ शकते. त्यांनी पंप जवळ ठेवावा आणि त्रास वाटताच वाफेपासून दूर जावे. या वायूचे प्रमाण जास्त असेल तर नाक बधिर होऊन वास येणेच थांबते. म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजू नये. डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली तर तिथून निघावे.

निघण्यापूर्वीची तयारी

सहलीच्या आदल्या रात्री सगळ्यांना, विशेषतः मुलांना, एकत्र बसवून नियम सांगावेत. पाण्याला हात लावायचा नाही. वाट सोडायची नाही. वाटेवर पळायचे नाही. टोपी, खेळणे, मोबाइल काहीही खाली पडले तरी त्याच्यामागे जायचे नाही, रेंजरला सांगायचे. शेवटचा नियम मोठ्यांनाच जास्त लागू आहे.

प्रत्येक लहान मुलाला एक ठरलेला मोठा माणूस द्यावा. ‘सगळे बघताहेत’ असे म्हटले की कोणीच बघत नसते. फोटो काढणाऱ्याच्या हाती मुलाचा हात नसावा. फोटोसाठी मागे पावले टाकणे इथे पूर्ण वर्ज्य. चपला किंवा सुळसुळीत तळव्यांचे बूट नकोत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी काठी न्यावी. पाळीव कुत्र्याला या लाकडी वाटांवर बंदीच आहे. त्याला गाडीबाहेर काढतानाही पट्टा बांधलेला असावा.

रानगव्यासारखा दिसणारा बायसन कित्येकदा वाटेजवळच चरत असतो. त्याच्यापासून किमान २३ मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या दोन एसटी बसइतके अंतर ठेवायचे. अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर. तो शांत दिसतो, पण माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो.

भारतातून गेलेल्या ज्येष्ठांचा प्रवास विमा असायलाच हवा, आणि त्यात आधीपासूनचे आजार तसेच हवाई रुग्णवाहिका येते का, हे पाहून घ्यावे. उद्यानात छोटे दवाखाने आहेत, पण गंभीर भाजलेल्याला शेकडो किलोमीटर दूर न्यावे लागते. मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते.

भाजलेच तर

तातडीचा क्रमांक तिकडे ९११, आपल्याकडे १०८. एकाने फोन करावा, दुसऱ्याने उपचार सुरू करावेत. ओले, गरम कपडे, बूट, मोजे लगेच काढावेत. त्वचेला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे, कारण थोड्याच वेळात सूज येते. भाजलेल्या भागावर साधे गार, वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. हे पहिल्या तीन तासांत केले तरी उपयोग होतो, पण जितक्या लवकर तितके चांगले. यलोस्टोनमध्ये जवळचा ओढा गार असेल असे समजून त्यात पाय घालू नये. त्यातही गरम झऱ्याचे पाणी मिसळलेले असू शकते. बरोबरचे पिण्याचे पाणी वापरावे. म्हणूनच पाण्याच्या बाटल्या गरजेपेक्षा जास्त न्याव्यात.

बर्फ लावू नये. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस, कोरफड यांपैकी काहीही लावू नये. त्याने जंतुसंसर्ग वाढतो आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. फोड फोडू नयेत. गार पाण्यानंतर स्वच्छ सुती कापड सैलसर पांघरावे आणि उरलेले अंग उबदार ठेवावे. लहान मुले पटकन गारठतात. जखम किती मोठी आहे याचा अंदाज घ्यायला रुग्णाचाच बोटांसह तळहात मोजावा. तो म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का. चेहरा, हात, पाय, जननेंद्रिये किंवा सांधे भाजले असतील तर जखम लहान दिसली तरी रुग्णालय गाठावे.

स्पर्श न केलेले पाणी घरोघर

हात लावायचा नाही असे हे पाणी. तरीही त्यातून आलेली एक वस्तू भारतातल्या कोट्यवधी लोकांच्या उपयोगी पडली आहे.

१९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी यलोस्टोनच्या मश्रूम पूल या झऱ्यातून नमुने घेतले. त्यांत ७० अंशांच्या आसपास सुखाने वाढणारा एक जीवाणू मिळाला. त्याला ‘थर्मस अॅक्वाटिकस’ असे नाव देऊन १९६९ मध्ये त्यांनी ते संशोधन प्रसिद्ध केले. त्या वेळी हा निव्वळ कुतूहलाचा विषय होता. औषध शोधायला कोणी तिथे गेले नव्हते.

१९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएचा छोटासा तुकडा लाखो पटींनी वाढवण्याची युक्ती सुचली. तिला पीसीआर म्हणतात. त्यात नमुना पुन्हा पुन्हा ९४-९५ अंशांपर्यंत तापवावा लागतो. नेहमीची विकरे त्या उष्णतेत नष्ट होत आणि प्रत्येक फेरीला नवीन घालावी लागत. यलोस्टोनच्या जीवाणूचे ‘टॅक पॉलिमरेज’ हे विकर मात्र त्या उष्णतेतही टिकले. त्यामुळे ही चाचणी यंत्रावर सलग होऊ लागली. मुलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

करोनाच्या साथीत नाकात कांडी घालून केलेली आरटी-पीसीआर चाचणी सर्वांना आठवत असेल. सरकारी रुग्णालयात क्षयरोगाच्या निदानासाठी होणारी सीबीनॅट चाचणी, एचआयव्हीबाधितांच्या रक्तातील विषाणूंचे मोजमाप, या सगळ्यांचा पाया पीसीआर हाच आहे. यलोस्टोनच्या झऱ्यात तेव्हाच नाणी आणि कचरा भरला असता, तर या जीवाणूची गाठ कदाचित पडलीच नसती. नातवंडांना ग्रँड प्रिझ्मॅटिकचे नारिंगी पट्टे दाखवताना ही गोष्ट जरूर सांगावी. विशेष म्हणजे पुढे थर्मस गटातले जीवाणू घरगुती गरम पाण्याच्या टाक्यांतही सापडले.

आपल्या कुंडांवर आणि आपल्या घरात

कोकणातले झरे यलोस्टोनसारखे जिवंत ज्वालामुखीवरचे नाहीत. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाऊन तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि वर येते. त्यामुळे इथे गीझर नाहीत. पण तापमान सगळीकडे सारखे नसते. उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी ते ७० अंशांच्या आसपास पोहोचते. उगमाजवळच्या पाण्यात थेट उतरू नये, स्नानासाठी बांधलेली कुंडेच वापरावीत. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका कळत नाही. त्यांनी पाय घालण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी पाणी पाहायला सांगावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना गरम पाण्यातून एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. गर्भवती स्त्रियांनी कढत पाण्यात बसू नये. गरम पाण्याने दुखऱ्या सांध्यांना आणि स्नायूंना आराम मिळतो, हे खरे. त्याने आजार बरा होतो असे समजून औषधे बंद करू नयेत.

कोमट गोड्या पाण्यात ‘नेग्लेरिया’ नावाचा अमीबा वाढू शकतो. पाणी नाकात गेले तर तो मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार फार दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुधा जीवघेणा ठरतो. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत अशा अमिबांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. म्हणून कोमट कुंडात बुडी मारू नये, डोके पाण्याखाली नेऊ नये, मुलांना नाकात पाणी जाईल असे खेळू देऊ नये. यलोस्टोनमध्येही गरम पाणी मिसळलेल्या प्रवाहांबाबत हाच इशारा दिला जातो.

आणि शेवटी, आपल्या मुलांना भाजण्याचा सर्वांत जवळचा धोका परदेशातल्या झऱ्यात नसून न्हाणीघरातल्या बादलीत असतो. बंबाचे किंवा गीझरचे कढत पाणी आधी बादलीत सोडले जाते, विसण आणायला आई वळते आणि तेवढ्यात रांगणारे मूल बादलीशी पोहोचते. बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम. हीटरची कांडी लावलेली बादली मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नये. गीझरचा काटा असा ठेवावा की नळाचे पाणी ५० अंशांच्या आत राहील. मुलाला पाण्यात घालण्यापूर्वी मोठ्यांनी आपल्या कोपराने पाणी पाहावे. हात लावून पाणी पाहायची आपली जुनी सवय जिथे कामाला यायला हवी, ती जागा हीच.